शिक्षा संपली, शिक्का मात्र कायम : अमेरिकेतील बंदूकबंदी आणि आपल्यापुढचे प्रश्न

अमेरिकेत बंदूक मिळणे किती सोपे आहे, हे आपण बातम्यांमधून वाचत असतो. शाळेत गोळीबार, बाजारात गोळीबार, चर्चमध्ये गोळीबार. या बातम्यांच्या गर्दीत एक गोष्ट सहसा नजरेआड राहते. त्याच देशात लाखो माणसे अशी आहेत, की त्यांच्याजवळ एखादे काडतूस जरी सापडले तरी त्यांना १५ वर्षांपर्यंत तुरुंगात जावे लागू शकते. त्यांनी त्या काडतुसाने कोणाला इजा केलेली असण्याची गरज नाही. वीस किंवा तीस वर्षांपूर्वी कधीतरी त्यांच्यावर एक गंभीर गुन्हा सिद्ध झाला होता, एवढे कारण पुरते.

ही बंदी योग्य आहे का, यावर अमेरिकेतील न्यायालयांत सध्या मोठा वाद चालू आहे. एका बाजूला बंदुकीच्या हक्काचे कट्टर समर्थक आहेत आणि दुसऱ्या बाजूला बंदूक नियंत्रणाचे समर्थक. दोघांचाही आवाज मोठा आहे. ज्याच्या वस्तीत गोळ्या चालतात आणि ज्याच्या मुलांना तुरुंगात टाकले जाते, त्या गरीब कृष्णवर्णीय माणसाचा आवाज मात्र या गदारोळात दबून जातो.

आपण याकडे का पाहायचे? कारण या वादाच्या मुळाशी दोन प्रश्न आहेत : शस्त्र कोणाच्या हाती असावे आणि गुन्हेगाराचा शिक्का कोणाच्या कपाळी बसतो. हे दोन्ही प्रश्न आपल्याला नवे नाहीत. चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना शस्त्रापासून दूर ठेवले, म्हणून त्यांना बंड करता आले नाही, ही मांडणी बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलना’च्या ग्रंथात केली होती. अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदाही याच देशात होता. म्हणून अमेरिकेतला हा कायदा आपण आपल्या डोळ्यांनी तपासला पाहिजे.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेत गुन्ह्यांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. गंभीर गुन्ह्याला ‘फेलनी’ म्हणतात आणि किरकोळ गुन्ह्याला ‘मिस्डिमीनर’. ज्या गुन्ह्याला एक वर्षाहून अधिक कैद होऊ शकते, अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा काडतूस बाळगू नये, असे केंद्रीय कायदा सांगतो. इथे ‘होऊ शकते’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. प्रत्यक्षात एक दिवसही तुरुंगवास झाला नसला, नुसत्या प्रोबेशनवर सुटका झाली असली, तरी बंदी लागू होते. आणि तिला मुदत नाही. ती आयुष्यभराची आहे.

ही बंदी सुरुवातीपासून अशी सरसकट नव्हती. १९३८ च्या केंद्रीय कायद्यात ती हिंसक गुन्ह्यांपुरती होती. १९६१ मध्ये तिची व्याप्ती वाढवून तिच्यात जवळपास सगळे गंभीर गुन्हे आणले गेले, मग ते हिंसक असोत वा नसोत. १९६८ मध्ये आजच्या कायद्याला आकार मिळाला. त्या वर्षी एप्रिलमध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची गोळ्या घालून हत्या झाली. देश हादरला होता. ऑक्टोबर १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी बंदूक नियंत्रण कायद्यावर सही केली. पुढे २०२२ मध्ये या गुन्ह्याची कमाल शिक्षा १० वर्षांवरून १५ वर्षे झाली. ज्याच्या नावावर आधीचे तीन हिंसक किंवा गंभीर अमली पदार्थांचे गुन्हे आहेत, त्याला १९८४ च्या एका कायद्यामुळे किमान १५ वर्षांची शिक्षा होते. न्यायाधीशाला वाटले तरी ती सहसा कमी करता येत नाही.

हा शिक्का किती चिवट आहे, हे १९८० च्या लुईस खटल्यातून दिसले. त्या आरोपीला १९६१ मध्ये फ्लोरिडात एका गुन्ह्यात दोषी ठरवले गेले होते आणि त्या वेळी त्याला वकील मिळाला नव्हता, असे त्याचे म्हणणे होते. गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील दिलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये सांगितले. तरीही १९८० मध्ये त्याच न्यायालयाने बहुमताने निकाल दिला की जुना निकाल सदोष असला तरी तो रीतसर रद्द होईपर्यंत बंदूकबंदी लागूच राहणार. शिक्का चुकून बसला असला तरी तो आधी पुसून घ्या, मग बोला, असा त्याचा अर्थ.

अर्ज करा, पण तो वाचायला कोणी नाही

शिक्का पुसण्याची सोय कायद्यात आहे. आपल्यापासून समाजाला धोका उरलेला नाही, असे दाखवणाऱ्या व्यक्तीला सरकारकडे अर्ज करून हक्क परत मागता येतो. पण अशा रीतीने हक्क परत मिळालेल्यांपैकी काहींनी पुन्हा गंभीर गुन्हे केल्याची माहिती बाहेर आली आणि १९९२ मध्ये अमेरिकी संसदेने एक अजब मार्ग काढला. अर्जाची तरतूद रद्द केली नाही. संबंधित विभागाने व्यक्तींच्या अर्जांची तपासणी करण्यावर एक पैसाही खर्च करू नये, अशी अट अर्थसंकल्पात घातली आणि ती वर्षानुवर्षे चालू ठेवली.

म्हणजे कायदा म्हणतो अर्ज करा आणि अर्थसंकल्प म्हणतो तो वाचू नका. २००२ मध्ये हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालय म्हणाले की अर्ज प्रलंबित आहे, नाकारलेला नाही आणि नकारच नसल्याने त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही. सरकारी कचेरीत ‘साहेब जागेवर नाहीत’ हे उत्तर ऐकलेल्या आपल्या माणसांना ही गंमत लगेच कळेल. दार बंद नाही, पण उघडणारा माणूसच नेमलेला नाही.

काही राज्यांचे स्वतःचे कायदे आहेत. शिक्षा पूर्ण झाल्यावर किंवा ठराविक वर्षांनी तिथे हक्क परत मिळतात आणि अटींसह केंद्रही ते मान्य करते. पण ज्याला केंद्रीय न्यायालयाने दोषी ठरवले, त्याच्यासाठी तेहतीस वर्षे राष्ट्राध्यक्षांच्या माफीखेरीज जवळपास कोणताच रस्ता नव्हता.

शिक्का कोणाच्या कपाळी?

कायद्याच्या भाषेत वंशाचा उल्लेख कुठेही नाही. तो सगळ्यांना सारखाच लागू आहे. पण समाजात उतरल्यावर तो सारखा राहत नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २०१० साली तिथल्या एकूण प्रौढ लोकसंख्येपैकी सुमारे ८ टक्के लोकांवर कधी ना कधी गंभीर गुन्हा सिद्ध झालेला होता. कृष्णवर्णीय प्रौढ पुरुषांमध्ये हेच प्रमाण सुमारे ३३ टक्के होते. म्हणजे दर तिघांमागे एक. अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचा वाटा १३ टक्क्यांच्या आसपास आहे, पण या बंदीखाली केंद्रीय न्यायालयांत शिक्षा होणाऱ्यांमध्ये ते निम्म्याहून अधिक असतात.

हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत. १८६५ मध्ये गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती झाली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे श्रम करून घेण्याची मुभा तिच्यातच ठेवली गेली. दक्षिणेतल्या राज्यांनी लगेच ‘ब्लॅक कोड्स’ नावाचे कायदे केले. काम नसलेला कृष्णवर्णीय माणूस भटक्या ठरवून पकडायचा, दंड करायचा आणि दंड फेडण्यासाठी पुन्हा मळ्यात राबवायचा. मिसिसिपी राज्याच्या १८६५ च्या कायद्याने मुक्त झालेल्या गुलामांना परवान्याशिवाय बंदूक ठेवायलाही बंदी केली. त्याआधी १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात सरन्यायाधीश टेनी यांनी कृष्णवर्णीयांना नागरिक का मानता येणार नाही, याची जी कारणे दिली, त्यांत एक कारण असे होते की नागरिक मानले तर त्यांना शस्त्र बाळगत हिंडता येईल.

परवाना देणाऱ्याची मर्जी कशी चालते, याचे उदाहरण खुद्द डॉ. किंग यांचे आहे. ३० जानेवारी १९५६ रोजी मॉन्टगोमेरीत त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. घरात पत्नी आणि तान्ही मुलगी होती. त्या वर्षी त्यांनी बंदूक जवळ ठेवण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो फेटाळला गेला. पुढे किंग यांनी शस्त्राचा विचारच सोडला आणि अहिंसेचा मार्ग पूर्णपणे स्वीकारला. ती त्यांची निवड होती. पण ज्याच्या घरावर बॉम्ब पडला, त्या धर्मगुरूला परवान्यास अपात्र समजणाऱ्या व्यवस्थेचा न्याय कोणता होता, हा प्रश्न त्या निवडीने मिटत नाही.

१९६७ मध्ये कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते पोलिसांच्या अत्याचारावर नजर ठेवण्यासाठी उघडपणे बंदुका घेऊन फिरत होते. तेव्हाच्या कायद्याने ते गुन्हा नव्हते. मे १९६७ मध्ये ते राज्याच्या विधानभवनात शस्त्रे घेऊन गेले आणि त्याच वर्षी गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी भरलेली बंदूक उघडपणे बाळगण्यावर बंदी आणणाऱ्या कायद्यावर सही केली. याच ब्लॅक पँथरवरून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. आपल्या पँथरने बंदूक घेतली नाही. लेखणी, मोर्चा आणि वस्तीतली संघटना ही तिची हत्यारे होती.

पण गोळ्या कोणाच्या वस्तीत चालतात?

इथवर वाचून कोणाला वाटेल की मग हा कायदाच मोडीत काढावा. आम्हाला तसे वाटत नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये बंदुकीने ४६ हजारांहून अधिक लोक मेले. त्यांतले निम्म्याहून जास्त मृत्यू आत्महत्येचे आहेत. बंदुकीने होणाऱ्या खुनांत कृष्णवर्णीय तरुणांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट आहे. ज्या वस्त्यांतली मुले तुरुंगात जातात, त्याच वस्त्यांतल्या आया मुलांचे फोटो छातीशी धरून बंदुका आवरा म्हणून मोर्चे काढतात. त्यांना बंदुकीचा हक्क नको आहे, त्यांना जिवंत मूल हवे आहे. त्यांच्या मागणीला बाजूला सारून हक्कांची चर्चा करणे हा अन्याय होईल.

जून २०१५ मध्ये चार्ल्सटन शहरात एका गोऱ्या वंशद्वेष्ट्याने कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेल्या नऊ जणांना ठार मारले. अमली पदार्थांबाबतच्या त्याच्या कबुलीमुळे त्याला बंदूक मिळायला नको होती. पण तपासणी तीन दिवसांत पूर्ण झाली नाही आणि कायद्याप्रमाणे दुकानदाराला विक्री करता आली. खाजगी व्यवहारात तर केंद्रीय कायदा तपासणी सक्तीची करतच नाही. म्हणजे कायदा कागदावर कडक आहे, पण बंदूक हातात पडते त्या जागी तो सैल आहे. ज्या पोराला पोलीस रस्त्यावर अडवून झडती घेतात, त्याच्यावर मात्र तो पूर्ण ताकदीने कोसळतो.

म्हणून आमचा आक्षेप बंदी असण्याला नाही. ही बंदी धोका मोजत नाही, शिक्का मोजते, यावर आमचा आक्षेप आहे. बायकोला मारहाण करणारा, दरोड्यात कोणावर गोळी झाडणारा आणि खोटी सही करून चेक वटवणारा, या तिघांनाही ती एकाच ओळीत उभे करते.

अन्नाच्या कुपनांचा खटला

पेन्सिल्व्हेनियातल्या एका माणसाचा खटला या बाबतीत गाजला. १९९५ मध्ये त्याने सरकारी अन्नमदतीची कुपने मिळवण्यासाठी कुटुंबाचे उत्पन्न कमी दाखवले होते. तीन मुलांचे कुटुंब आणि तुटपुंजी कमाई. त्याला २,४५८ डॉलर परत करावे लागले आणि प्रोबेशन मिळाले. तुरुंगवास झाला नाही. राज्याच्या कायद्यात तो गुन्हा ‘किरकोळ’ वर्गातला होता. पण त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकत असल्याने केंद्रीय बंदी आयुष्यभरासाठी लागू झाली. शेवटी तिसऱ्या केंद्रीय अपील न्यायालयाने जून २०२३ मध्ये आणि फेरविचारानंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा, त्याच्यापुरती ही बंदी घटनाबाह्य ठरवली.

आपल्याकडे रेशनकार्डावर उत्पन्न कमी दाखवणाऱ्या माणसाची ही कथा आहे. त्याचे कृत्य बेकायदेशीर होतेच. पण त्यावरून तो बंदूक घेऊन कोणाचा जीव घेईल असे अनुमान काढणे म्हणजे गरिबीलाच हिंसक ठरवणे होय.

इतर अपील न्यायालयांचे मत वेगवेगळे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सहाव्या अपील न्यायालयाने सांगितले की बंदी वैध आहे, पण आपण धोकादायक नाही हे दाखवण्याची संधी व्यक्तीला मिळायला हवी. आठव्या न्यायालयाने, तसेच मे २०२५ मध्ये नवव्या न्यायालयाने सरसकट बंदी वैध ठरवली. म्हणजे एकाच देशात, एकाच केंद्रीय कायद्याचा अर्थ माणूस कुठे राहतो त्यावर ठरतो आहे.

हक्क इतिहासात शोधायचा का?

या गोंधळाचे मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत आहे. २००८ च्या हेलर निकालाने बंदूक बाळगणे हा व्यक्तीचा घटनात्मक हक्क ठरवला. मात्र गंभीर गुन्हेगारांवरच्या जुन्या बंदीला आपण धक्का लावत नाही, असेही त्यात म्हटले होते. जून २०२२ च्या ब्रुएन निकालाने नवी कसोटी आणली : बंदुकीवरचे कोणतेही बंधन अमेरिकेच्या ऐतिहासिक परंपरेशी जुळले पाहिजे. जून २०२४ मध्ये रहिमी खटल्यात न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी, घरगुती हिंसेमुळे न्यायालयाचा प्रतिबंधक आदेश असलेल्या व्यक्तीकडून बंदूक काढून घेणे वैध ठरवले. दुसऱ्याच्या जिवाला धोका असलेल्या माणसाला तात्पुरते निःशस्त्र करता येते, हे त्यातले सूत्र. ते आम्हाला बरोबर वाटते, कारण ते आजच्या धोक्याकडे पाहते.

पण इतिहासाच्या कसोटीने एक भयंकर गोष्ट घडवली. आजची बंदी टिकवण्यासाठी सरकारी वकिलांना जुने दाखले शोधावे लागले. जुन्या काळी कोणाला निःशस्त्र केले जात होते? गुलामांना, मूलनिवासींना, कॅथलिकांना. हे वंशद्वेषी आणि धर्मद्वेषी कायदे आज न्यायालयांत ‘धोकादायक समजल्या गेलेल्या गटांना निःशस्त्र करण्याची परंपरा’ म्हणून मांडले गेले. ज्या कायद्यांची लाज वाटायला हवी, ते पुरावा म्हणून उभे राहिले. परंपरेला प्रमाण मानले की काय होते, हे आपल्याला वेगळे शिकवावे लागत नाही. मनुस्मृतीही कोणासाठी तरी परंपराच होती.

इथे आपल्या संविधानाचे मोठेपण कळते. अनुच्छेद १३ सांगतो की संविधान लागू होण्यापूर्वीचे जे कायदे मूलभूत हक्कांशी विसंगत आहेत, ते तेवढ्या मर्यादेत रद्दबातल आहेत. म्हणजे आपली घटना हक्काची परीक्षा परंपरेने करत नाही, ती परंपरेचीच परीक्षा हक्काने करते. अमेरिकेच्या न्यायालयांत आज जे चालले आहे, ते पाहिल्यावर या एका अनुच्छेदाची किंमत नव्याने लक्षात येते.

आणखी एक गुंतागुंत नोंदवली पाहिजे. ब्रुएन खटल्यात न्यूयॉर्कच्या परवाना कायद्याविरुद्ध बंदूक संघटना लढत होत्या. पण गरीब आरोपींची बाजू मांडणाऱ्या न्यूयॉर्कमधल्या सार्वजनिक वकिलांच्या काही संस्थांनीही त्याच बाजूने निवेदन दिले. त्यांचे म्हणणे होते की परवान्याच्या या कायद्याखाली प्रत्यक्षात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुणच तुरुंगात जातात. बंदूक संघटनांचा हेतू वेगळा आणि या वकिलांचा वेगळा. चळवळीत काम करणाऱ्यांनी हा फरक ओळखायला शिकले पाहिजे. सोबत चालणारा प्रत्येक जण सोबती नसतो.

दार उघडले, पण आधी आत कोण गेले?

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने बंद पडलेली अर्जप्रक्रिया दुसऱ्या मार्गाने पुन्हा सुरू करण्याचे पाऊल उचलले आणि जुलैमध्ये सविस्तर नियमांचा मसुदा काढला. हिंसक आणि लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांना सहसा हक्क मिळणार नाही, असे त्यात आहे. तत्त्व म्हणून ही दिशा चुकीची नाही. तीन दशके बंद असलेले दार उघडायलाच हवे होते.

पण सुरुवातीला ज्या मोजक्या लोकांना हक्क परत मिळाला, त्यांत चित्रपट अभिनेते मेल गिब्सन होते. त्यांच्यावर २०११ मध्ये घरगुती हिंसेचा गुन्हा नोंदला गेला होता. त्यांच्या नावाची शिफारस करायला नकार दिल्यानंतर आपल्याला पदावरून काढले, असे माफी विभागाच्या प्रमुख एलिझाबेथ ओयर यांनी जाहीरपणे सांगितले. न्याय विभागाने हा संबंध नाकारला. खरेखोटे काहीही असो, रांगेत पहिला कोण उभा राहतो हे मात्र दिसले. ज्याच्याकडे वकील आहे, ओळख आहे, प्रसिद्धी आहे, त्याच्या अर्जाला पाय फुटतात. अन्नाच्या कुपनांसाठी खोटे बोललेल्या माणसाला मात्र वर्षानुवर्षे खटला लढावा लागतो.

आपल्याकडे काय आहे?

भारतात बंदूक बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. परवाना मिळाला तर मिळाला. पण शिक्षा भोगलेल्या माणसाबाबत आपला शस्त्र अधिनियम, १९५९ अमेरिकेपेक्षा समंजस आहे. कलम ९ नुसार हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद झालेल्या व्यक्तीवर शिक्षा संपल्यापासून पाच वर्षे बंदी असते. पाच वर्षांनी परवाना मिळेलच असे नाही, पण कायदा माणसावर आयुष्यभराचा शिक्का मारत नाही.

म्हणून आपण निर्दोष आहोत असे नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी, कैकाडी अशा कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. १९५२ मध्ये त्या ‘विमुक्त’ झाल्या, पण ‘सराईत गुन्हेगार’ कायद्यांच्या रूपाने संशय मागल्या दाराने परत आला. आजही चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्याच्या पालावर जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगातील जातिभेदाबाबत निकाल देताना सर्वोच्च न्यायालयालाही विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजण्याच्या या सवयीची दखल घ्यावी लागली. अमेरिकेत गुन्हा सिद्ध झाल्यावर शिक्का बसतो. इथे तर गुन्हा घडण्याआधीच तो बसला होता.

दुसरी बाजू आपल्या तरुणांना कमी माहीत असते. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंध नियम, १९९५ मधील नियम ३ पाहा. जिथे अत्याचार घडण्याची शक्यता आहे, असे भाग राज्य सरकारने निश्चित करायचे. तिथे अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या व्यक्तींचे शस्त्र परवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यायची. बेकायदेशीर शस्त्रे जप्त करायची. आणि गरज वाटल्यास दलित-आदिवासींना संरक्षणासाठी शस्त्र परवाने द्यायचे. हा नियम गावातल्या सत्तेचे वास्तव ओळखतो. तो एका जागेपुरता आणि धोक्यापुरता आहे. कोणाच्याही कपाळावर तो कायमचा शिक्का मारत नाही. प्रत्यक्षात तो किती वेळा वापरला गेला, हे माहिती अधिकारात विचारण्याचे काम आपले आहे.

शिक्का नव्हे, माणूस पाहा

तथागतांच्या काळातली अंगुलिमालाची कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. राजा पसेनदी सैन्य घेऊन त्याला पकडायला निघाला होता. बुद्धांनी त्याला समोर बसलेला भिक्खू दाखवला. राजाने कालचा दरोडेखोर पाहिला नाही, समोर बसलेला माणूस पाहिला. पण त्याच कथेत पुढे भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालावर लोक दगड मारतात आणि तो रक्तबंबाळ होऊन परत येतो. राजाने जे ओळखले ते समाजाला ओळखता आले नाही. आणि हेही विसरायला नको की शस्त्र खाली ठेवल्यानंतरच ही कथा पुढे जाते. शस्त्रांचा व्यापार उपासकाने करू नये, असे धम्म सांगतो. बंदूक हे मुक्तीचे साधन आहे असे आम्ही म्हणत नाही.

आमचे म्हणणे तीन गोष्टींपुरते आहे. पहिली, बंदी घालायची तर ती माणसापासून आज असलेल्या धोक्यावर घालावी. घरात हिंसा करणारा, वारंवार हल्ले करणारा, कोणाला जिवे मारण्याची धमकी देणारा, यांच्या हाती बंदूक असता कामा नये, मग त्याची जात, वंश किंवा ओळखपाळख कोणतीही असो. दुसरी, प्रत्येक बंदीला मुदत असावी आणि तिच्यातून बाहेर पडण्याचा रस्ता गरिबालाही परवडणारा असावा. वकिलाशिवाय अर्ज करता आला पाहिजे आणि त्याला उत्तरही मिळाले पाहिजे. तिसरी, कायदा बंदूक हातात पडते त्या जागी कडक असावा, म्हणजे दुकानात, खाजगी विक्रीत आणि कारखान्यात. फक्त गरीब वस्तीतल्या झडतीत त्याचा कडकपणा दिसू नये.

अमेरिकेत शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींना एक व्यावहारिक गोष्ट सांगून ठेवतो. विद्यार्थी किंवा एच-वन-बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांनाही याच केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसे बाळगण्यास बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद आहेत. मित्राची बंदूक गाडीत ठेवणे किंवा हौसेने नेमबाजीला जाणे महागात पडू शकते. तिथल्या कृष्णवर्णीय मुलाला जो कायदा अडवतो, तोच आपल्या मुलालाही अडवू शकतो.

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतील विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या आणि अस्पृश्यांच्या स्थितीतले साम्य नोंदवले होते. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडलेल्या निवेदनाची प्रत त्यांनी मागवली होती. दूरच्या देशातल्या शोषितांचा कायदा समजून घेतला की आपला कायदा अधिक स्पष्ट दिसतो, ही दृष्टी त्या पत्रात आहे. तेव्हा पुढच्या वेळी आपल्या गावात चोरी होऊन पोलीस एखाद्या पालावर जातील, तेव्हा तिथे आपण उपस्थित असले पाहिजे. आणि जिल्ह्यात अत्याचाराची घटना घडेल, तेव्हा नियम ३ ची प्रत खिशात घेऊन जिल्हाधिकाऱ्यांच्या दालनात गेले पाहिजे.